त्राटिकेचा राग कशाचा?

उपाशी ठेवून, झोप मोडून पत्नीस नमविणे शेक्सपिअरने विनोद मानले. अखेरीस कॅथरिनाच्याच मुखी पतिसेवेचा उपदेश घातला. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी हे नाटक मराठीत आणताना त्यास ‘त्राटिका’ हे राक्षसीचे नाव दिले. बळवंतराव जोगांनी ती भूमिका गाजविली. परंतु राक्षसीच्याही कोपामागे पतिनिधनाचे दुःख होते, हे रामायणाने लपविले नाही! ‘ही तर थट्टा’ ही सबब पुरे. इब्सेनही पुरुषच, त्याच्या १८७९ सालच्या नाटकात नोरा नवऱ्यास समोर बसवून, घर का सोडते ते स्वतः सांगते. सुरतेतील आम्ही मराठी मंडळींनी उत्सवासाठी नाटक निवडताना एवढे अवश्य विचारावे: नायिकेच्या रागाचे कारण यात आहे काय? नसल्यास ते देवापुढे होऊ नये.