ब्रेक नसलेली बाइक, २१ची वयोमर्यादा; ज्युनिअर स्पीडवेत पोलंडच पुढे का?

५०० सीसीचं इंजिन, इंधन मिथेनॉल, गिअर एकच. आणि ब्रेक? नाहीतच! स्पीडवेमध्ये चार रायडर कच्च्या अंडाकृती ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत बाइक वळवायची. खेळ जेमतेम मिनिटभराचा. गुण ३, २, १, ०.

२१ वर्षांपर्यंतच्या रायडर्सची जागतिक स्पर्धा २०२२पासून ‘एसजीपी२’ नावाने होते. एका रात्रीच्या नशिबावर किताब ठरू नये म्हणून हंगामात तीन फेऱ्या असतात.

तरी निकाल बहुतेकदा एकाच देशाकडे झुकतो. २०१७ ते २०२४ या आठ हंगामांत सात किताब पोलंडचे. अपवाद २०२०चा, ऑस्ट्रेलियाच्या जेमन लिडसीचा. माटेउश चेर्निआक २०२२ आणि २०२३ असा सलग दोनदा जिंकला.

याचं मोठं कारण पोलंडच्या लीगच्या नियमात आहे. तिथे प्रत्येक संघात देशी ज्युनिअर उतरवणं सक्तीचं आहे आणि त्यांचे गुण संघाच्या खात्यात जातात. त्यामुळे पोरं घडवणं ही क्लबची हौस नाही, गरज आहे. २०१५चा ज्युनिअर विजेता बार्तोश झ्मार्झलिक २०१९मध्ये सिनिअर जगज्जेता झाला, तो याच लीगमधून.

पण मुलं लवकर मोठ्यांच्या वेगात उतरतात, ही दुसरी बाजू. अनुभवाने धोका संपतो असंही नाही. २००९ आणि २०१०चा ज्युनिअर विजेता, ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड २०१५मध्ये पोलंडच्याच लीगमध्ये पडला. पाठीच्या कण्याला इजा झाली, कारकीर्द २३व्या वर्षीच संपली.