विश्लेषण : प्रदर्शनातील छोट्या स्टॉलसमोर ग्राहक का थांबत नाही?

मोशी, गोरेगाव किंवा दिल्लीच्या भारत मंडपममधील व्यापार प्रदर्शनात लघुउद्योजकाच्या वाट्याला बहुतेकदा 3 मीटर बाय 3 मीटरचा स्टॉल येतो. भाडे, त्यावरील 18 टक्के जीएसटी, मालवाहतूक आणि माणसांचा मुक्काम यांचा हिशेब केला, तर छोट्या कारखान्यासाठी ही रक्कम मोठी असते. तरीही शेवटच्या दिवशी अनेकांच्या हाती फक्त व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा उरतो. दोष प्रदर्शनाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा स्टॉलच्या मांडणीत असतो.

भाड्यात काय मिळते?

तयार स्टॉलमध्ये, म्हणजे ‘शेल स्कीम’मध्ये, तीन बाजूंना पांढरे पॅनेल, वर नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, काही दिवे आणि एक प्लग पॉइंट असे साधारण स्वरूप असते. बाकीचे आपले आपण करायचे. शंभर स्टॉल सारखेच दिसतात, ते यामुळेच. मोठ्या कंपन्या नुसती मोकळी जागा घेऊन स्वतःचे बांधकाम करतात. छोट्याला ते परवडत नाही आणि त्याची गरजही नसते.

तीन सेकंदांचा हिशेब काय?

सावकाश चालणारा माणूस सेकंदाला साधारण 1 मीटर पुढे जातो. म्हणजे 3 मीटरचा दर्शनी भाग तीन सेकंदांत मागे पडतो. तेवढ्यात त्याला एकच गोष्ट कळू शकते : इथे माझ्या कामाचे काही आहे की नाही.

अनेक स्टॉलवर ठळक अक्षरांत असते ते कंपनीचे नाव. ‘अमुक एंटरप्रायझेस’वरून वाटसरूला काहीच बोध होत नाही. त्याऐवजी ‘डाळिंबाची प्रतवारी, तासाला 1 टन’ असे लिहिले, तर डाळिंब उत्पादकाची पावले थबकतात आणि ज्याचा संबंध नाही तो पुढे जातो. दोघांचाही वेळ वाचतो. ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ हे वाक्य तर शेजारच्या स्टॉलवरही असते.

अक्षर केवढे असावे, याचा ढोबळ नियम आहे : 10 फुटांवरून सहज वाचण्यासाठी 1 इंच उंची. देवनागरीत मात्रा-वेलांट्यांनाही जागा लागते, त्यामुळे अक्षर आणखी मोठे ठेवलेले बरे. मुख्य मजकूर डोळ्यांच्या पातळीच्या वर हवा. खाली लिहिलेले टेबलामागे आणि माणसांमागे झाकले जाते.

टेबल कुठे ठेवावे?

सर्वांत स्वस्त सुधारणा हीच. दर्शनी बाजूला आडवे लावलेले टेबल म्हणजे भिंतच. त्यामागे मोबाइलमध्ये डोके घालून बसलेला माणूस असेल, तर पाहुणा आत येत नाही. टेबल बाजूच्या पॅनेलला लावून पुढची बाजू मोकळी सोडली, की त्याच जागेत दोन-तीन ग्राहक उभे राहू शकतात. विक्रेत्याने उभे राहावे आणि खुर्ची बोलणी लांबली तर ग्राहकाला द्यावी.

दहा फ्लेक्सपेक्षा हातात घेता येणारी एक वस्तू अधिक बोलते. सुटे भाग बनवणाऱ्याने मधोमध कापलेला नमुना ठेवावा, यंत्र असेल तर ते चालू ठेवावे. सगळी उत्पादने मांडण्याचा मोह टाळून दोन-तीनच पुढे आणावीत, दिवे त्यांच्यावर वळवावेत. बाकीची कॅटलॉगमध्ये असतातच.

मोठा स्टॉल घेणे हाच उपाय?

नाही. मोठी जागा मोक्याची असेल तर लोकांच्या नजरेत भरते, पण संदेश धूसर असेल तर तो फक्त मोठ्या आकारात धूसर दिसतो. वाढीव भाड्याऐवजी दोन बाजूंनी उघडा कोपऱ्यातला स्टॉल, प्रशिक्षित माणूस आणि नोंदवही यांवर खर्च करणे शहाणपणाचे. कार्ड घेताना त्याच्या मागे मागणी आणि पुढचा फोन कधी करायचा, हे लिहिले नाही, तर आठवड्यात तो गठ्ठा निरुपयोगी होतो.

अनुदान कशासाठी हवे?

केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या खरेदी व विपणन साहाय्य योजनेतून प्रदर्शनातील जागेच्या भाड्यासाठी मदत मिळते. ती आवश्यकच आहे. पण नुसत्या भाड्याच्या मदतीने जागा मिळते, ग्राहक मिळत नाही. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी मांडणीची एक दिवसाची कार्यशाळा आणि तीन महिन्यांनी ‘किती चौकशा, किती ऑर्डर’ असा आढावा, एवढे दोन टप्पे जिल्हा उद्योग केंद्रे आणि औद्योगिक संघटनांनी जोडायला हवेत. किती स्टॉल भरले हे यशाचे माप मानले, तर स्टॉल भरत राहतील आणि लघुउद्योजक रिकाम्या हाताने परततील.