मूळ कारणाचा मोह

दुखणे नाकारण्याच्या दोन रीती आहेत. पहिली जुनी : तपासण्या निर्दोष आल्या की 'मनाचे आहे' म्हणून बोळवण करायची. दुसरी नवी आणि अधिक सभ्य : 'तुमच्या दुखण्याचे मूळ आम्ही शोधून देऊ' असे आश्वासन विकायचे. आमचा रोख या दुसरीवर आहे.

समजा, फलटणच्या एक शिक्षिका आहेत. महिनोन् महिने सर्वांग दुखते, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलेच, फळ्यासमोर ओळखीचा शब्द आठवत नाही. या अवस्थेला फायब्रोमायल्जिया म्हणतात. १९९० च्या निकषांनुसार शरीरावरील १८ बिंदूंपैकी किमान ११ दाबल्यावर दुखावे लागत. २०१० च्या निकषांनी ही अट काढली आणि वेदनेचा विस्तार, थकवा, झोप यांविषयीचे रुग्णाचे निवेदन ग्राह्य धरले. निदान आता निवेदनावर उभे आहे.

निवेदन आले की त्याचा एकच अर्थ लावणाराही येतो. जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत ज्याची संस्था उभारली, ते 'फंक्शनल मेडिसिन' कारणांची यादीच पुढे करते : गळके आतडे, ग्लुटेन, बुरशी, जड धातू, थकलेल्या अधिवृक्क ग्रंथी. आपल्याकडे या कथेला श्रोता तयार आहे, कारण 'माधवनिदाना'तला आमवातही मंदाग्नीपासूनच सुरू होतो. पोट बिघडले म्हणून अंग धरले, ही संगती आपल्या कानांना परिचित आहे. परंतु परिचित वाटणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास वेगळे सांगावयास नको.

मग सिद्ध काय आहे? मज्जासंस्था वेदनेचा आवाज वाढवून ऐकते, याला पुष्कळ आधार आहे. १९७५ मध्ये मोल्डोफ्स्की यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मोडली, तेव्हा त्यांचे स्नायू दुखू लागले. २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे उंदरांना टोचली असता उंदीरही वेदनेला अधिक संवेदनशील झाले. धागे अनेक आहेत. त्यांचे एकच मूळ अद्याप कोणास सापडलेले नाही. अवटू ग्रंथीचे मांद्य किंवा ड जीवनसत्त्वाची उणीव जरूर तपासावी. पण ते नेहमीचे वैद्यक करतेच. 'अधिवृक्क थकवा' हा आजार तर अंतःस्रावतज्ज्ञ मानतच नाहीत.

प्रतिपक्ष म्हणेल, हे लोक तासभर ऐकून तरी घेतात. मान्य. पाच मिनिटांत चिठ्ठी हाती देणाऱ्या वैद्यकाला हा आरोप झोंबलाच पाहिजे. पण ऐकण्याची किंमत निराधार तपासण्यांतून आणि पुड्यांतून का वसूल व्हावी? शिवाय पथ्याने गुण आला नाही की दोष बाईंवरच येतो : 'तुम्ही नीट पाळले नाही.' येथे दुसरी रीत पहिलीला येऊन मिळते.

कवितेची एकच गुरुकिल्ली सांगणाऱ्या समीक्षकावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. देहाच्या बाबतीत मात्र तीच सवलत का द्यावी? युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या २०१६ च्या शिफारशींत ठाम पाठिंबा मिळाला तो केवळ व्यायामाला. हळूहळू वाढवलेले चालणे, सांभाळलेली झोप, आणि 'तुमचे दुखणे खरे आहे, कारण अजून पुरते कळलेले नाही' असे सांगण्याचे धैर्य : त्या बाईंना एवढे प्रामाणिकपणे मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.