कुत्री किती, हे आपला उकिरडा ठरवतो

भातकुलीसारख्या गावात कुत्रा चावल्याची बातमी आली की दोन मागण्या हमखास होतात. कुत्री मारून टाका, नाहीतर गाडीत भरून दूर नेऊन सोडा. चावलेल्या मुलाच्या आईबापांचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु हे दोन्ही उपाय २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत बसत नाहीत आणि त्यांनी रोगही थांबत नाही.

मोकाट कुत्रा जंगली नाही, तो आपल्या जिवावर जगतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळढोक अभयारण्य परिसरात अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी याचा अभ्यास केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्या माळावरचे खोकड उंदीर, किडे, फळे शोधून खाते. कुत्र्यांचे पोट मात्र मुख्यतः माणसाच्या शिळ्यापाक्यावर, कचऱ्यावर आणि मेलेल्या गुरांवर भरते.

म्हणजेच गावात अन्न जितके, कुत्री तितकी. दहा कुत्री हलवली तरी उकिरडा तसाच राहतो. मग शेजारची कुत्री येतात, उरलेल्यांची पिल्ले अधिक जगतात आणि नव्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचलेली नसते. पूर्वी गावाबाहेर टाकलेले ढोर गिधाडे बघता बघता फस्त करीत. डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे संपत आली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोपर्यंत ते मांस कुत्र्यांच्या वाट्याला गेले होते.

तेव्हा खरा इलाज आपल्याच हाती आहे. मेलेले जनावर खोल खड्ड्यात पुरावे. चिकन-मटणाच्या दुकानातील आतडी, लग्नाच्या पंगतीतील उष्टे उघड्यावर टाकू नये. भूतदयेने भाकर घालणाऱ्यांनी त्या कुत्र्याच्या लसीची आणि नसबंदीची जबाबदारीही घ्यावी. नगरपंचायत असो वा ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने दरवर्षी लसीकरण करावे. गावातील ७० टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लस टोचलेले कुत्रे हाकलणे म्हणजे गावाचे कुंपण आपणच मोडणे होय.

तोपर्यंत कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने १५ मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद लावू नका. मांत्रिकाकडे वेळ दवडू नका. त्याच दिवशी लस सुरू करा आणि सगळे डोस पूर्ण करा. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. पिल्लू चावले तरी हाच नियम. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत, तेव्हा सुईची भीती नको. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र डॉक्टरच्या हाती फारसे काही उरत नाही.

कुत्र्याला दगड मारण्याआधी आपल्या घरामागे काय टाकले आहे, ते प्रत्येकाने एकदा पाहावे.