मँचेस्टरची नीती आणि वऱ्हाडचा कापूस

धामणगावच्या नावामागे ‘रेल्वे’ हा शब्द कायमचा जडला आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, तो वऱ्हाडच्या प्रजेला तीर्थयात्रा घडावी म्हणून नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना आमच्या काळ्या मातीचे महत्त्व उमगले. त्यापूर्वी त्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेतील गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालत होत्या. आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपविल्याचा अभिमान मिरवणाऱ्या आणि रविवारची प्रार्थना न चुकविणाऱ्या समाजाला हा कापूस जवळजवळ तीस वर्षे टोचला नाही.

व्हिक्टोरियाकालीन नीतिमत्ता हे निव्वळ ढोंग होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॉर्ड शाफ्ट्सबरींसारख्यांनी तेथील बालमजुरांसाठी आयुष्य वेचले. परंतु हीच करुणा समुद्र ओलांडून इकडे आली, की तिच्या हाती व्यापाऱ्याचा तराजू दिसे.

मुंबईच्या कापडगिरण्या भरभराटीला येताच मँचेस्टरच्या मालकांना येथील कामगार-बालकांचा कळवळा आला. याच मंडळींचा दुसरा आग्रह होता, तो हिंदुस्थानातील विलायती कापडावरील आयात-जकात उठविण्याचा. १८८२ पर्यंत तोही पुरा झाला. दरम्यान १८८१ चा कारखाना कायदा आला. इंग्लंडमध्ये १८७८ च्या कायद्याने दहा वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येत नव्हते; आमच्या मुलांसाठी ही मर्यादा सात वर्षांची ठरली आणि सात ते बारा वयाच्या मुलांनी दिवसाला नऊ तास राबावे, हे न्याय्य मानले गेले. शंभरांहून कमी कामगारांचे किंवा वर्षाकाठी चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने तर कायद्यातून वगळलेच होते. म्हणजे हंगामी जिन-प्रेसमध्ये रुईच्या धुळीत उभ्या असलेल्या पोराला त्याचा उपयोग शून्य! मुंबईचे कापड मँचेस्टरशी स्पर्धा करीत होते. वऱ्हाडची रुई मात्र त्यांना स्वस्तच हवी होती. दयेची सीमारेषा नेमकी येथेच कशी आखली गेली, हे विचार करण्याजोगे आहे.

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मँचेस्टरचा डाव ओळखणाऱ्या आमच्या अनेक पुढाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनी देशी उद्योगाच्या रक्षणासाठी या कायद्यालाच विरोध केला. डाव ओळखण्यात त्यांची चूक नव्हती. पण यंत्रापाशी उभे असलेले मूल आपलेच आहे, याचा त्यांना विसर पडला. स्वदेशीचा कैवार घेणाऱ्यांनी हा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होऊ नये.

तो विसर ज्यांना पडला नाही, त्यांत नारायण मेघाजी लोखंडे अग्रणी होते. ‘दीनबंधु’चे संपादक आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या, आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सरकारपुढे ठेवल्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले. त्याच वर्षी राणीच्या राज्याचा हीरकमहोत्सव थाटाने साजरा झाला.

साप्ताहिक सुट्टी ही इंग्रजांनी दिलेली देणगी होय, असे आजही काही विद्वान छातीठोकपणे सांगतात. त्यांनी १८८४ चा अर्ज, १८९० ची मुंबईतील सुट्टी आणि त्यानंतर आलेला १८९१ चा सुधारित कायदा, हा क्रम एकदा तपासून पाहावा.