शिक्षकाने कोणाला विचारावे?



विद्यार्थ्याचे अडले तर तो शिक्षकांना विचारतो. शिक्षकाचे अडले तर त्याने कोणाला विचारावे? शहरातील मोठ्या शाळेत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तेथे गणिताचेच तीन-चार शिक्षक असतात आणि मधल्या सुट्टीत चहा घेता घेता एकमेकांना विचारून मोकळे होतात. आपल्याकडे गणिताला एक, विज्ञानाला एक, समाज विज्ञानाला एक. जोयडा तालुका क्षेत्रफळाने जिल्ह्यात सर्वांत मोठा, पण २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ५२ हजार. दोन शाळांच्या मध्ये जंगल असते, नाहीतर काळी नदीचे अडवलेले पाणी. दुसऱ्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना निवांत भेटायचे म्हणजे एक रजा खर्ची घालावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की एकाच विषयाचे शिक्षक इंटरनेटवर एकत्र येऊन जे विचारतात आणि सांगतात, त्यात भाग घेणे हे आपल्या शिक्षकांचे शाळेचेच काम मानावे, आणि त्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवावा. "घरी गेल्यावर करा" हे उत्तर पुरेसे नाही. आपल्या कितीतरी शिक्षकांच्या गावात रेंजच नसते.

एकमेकांना सांगून शिकणे ही काही संगणकाबरोबर आलेली गोष्ट नव्हे. अमेरिकेत ज्युलियन ऑर नावाच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात झेरॉक्सची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांबरोबर राहून त्यांचे काम पाहिले. कंपनीने त्यांना जाडजूड माहितीपुस्तके दिली होती. अमुक बिघाड झाला तर तमुक करा, असे सर्व त्यात लिहिलेले. परंतु खरे अवघड बिघाड पुस्तकात नसत. ते सुटत न्याहारीच्या टेबलावर, "अरे, माझ्याकडे परवा असेच झाले होते" या वाक्याने. ऑर यांनी १९९६ साली यावर पुस्तक लिहिले. पुढे कंपनीनेही हा धडा घेतला. फ्रान्समधील कारागिरांनी शोधलेल्या युक्त्या संगणकावर साठवण्यास सुरुवात झाली आणि त्या व्यवस्थेला 'युरेका' हे नाव मिळाले. एकाने सांगितलेली युक्ती दुसरे जाणकार तपासत, आणि पटली की सांगणाऱ्याच्या नावासह ती सर्वांसाठी खुली होई. त्याचे पैसे मिळत नसत, मान मिळे. आम्हाला वाटते, शिक्षकाचे मनही असेच चालते.

आपल्या राज्यातही हे घडले आहे. कर्नाटकच्या शिक्षण खात्याने बेंगळुरूच्या 'आयटी फॉर चेंज' या संस्थेच्या साहाय्याने सरकारी हायस्कूलच्या शिक्षकांचे विषयवार मंच उभे केले. गणित-विज्ञानाचा एक, समाज विज्ञानाचा एक, असे. हजारो शिक्षक त्यात आले. कोणी अडलेले गणित टाके, कोणी सोडवून पाठवी, कोणी म्हणे ही रीत मुलांना जड जाते, दुसरी पाहा. २०१३ साली शिक्षकांनीच लिहायचे व सुधारायचे असे मोफत शैक्षणिक साहित्याचे भांडार सुरू झाले. २०१७ साली केंद्र सरकारचा 'दीक्षा' आला. पाठ्यपुस्तकातील चौकोनी ठिपक्यांचा कोड फोनने टिपला की धडा समोर येतो, ही सोय उत्तमच आहे. पण 'दीक्षा'वरून धडा घेता येतो. "माझी मुले येथेच का अडखळतात?" याचे उत्तर मात्र दुसऱ्या शिक्षकाकडूनच मिळते.

आता आपली खरी अडचण. आपण दोन्ही घरचे पाहुणे आहोत. कर्नाटकातील शिक्षकांची चर्चा कानडीत आणि इंग्रजीत. ती आपल्या अभ्यासक्रमाची, पण आपल्या वर्गाच्या भाषेची नव्हे. महाराष्ट्रातील तंत्रस्नेही शिक्षकांनी मराठीत भरपूर साहित्य केले आहे, पण ते बालभारतीच्या पुस्तकांप्रमाणे. आपली पुस्तके मराठीत असली तरी कर्नाटकची. धडे वेगळे, क्रम वेगळा, परीक्षा वेगळी. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही ओढाताण आम्हाला नवी नाही. ज्याला मराठीत ल.सा.वि. म्हणतात त्याला हिंदीत ल.स. आणि कानडीत ल.सा.अ. गोष्ट एकच, पण संगणकावर शोधायला बसलेल्या शिक्षकाने एक शब्द लिहिला तर बाकीच्या दोन भाषांतले काहीच हाती लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, हल्याळ येथील मराठी शाळांतही हेच होत असणार. या सर्व शाळांच्या विषय-शिक्षकांनी आपला लहानसा समूह केला, तर पन्नास जणही खूप झाले. हजारोंची गर्दी हवी कशाला?

आपण नुसते मागणारे असू, असेही नाही. वनस्पतींच्या शाकीय प्रजननाचा धडा घ्या. पुस्तकात बटाटा असतो. जोयड्यात बटाट्याची गरज काय? येथील कुणबी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या कंद लावत आले आहेत. जोयड्याच्या कंद मेळ्यात त्यांचे किती प्रकार मांडलेले असतात, ते पालकांना आम्ही काय सांगावे! करांद्याच्या वेलीला पानांच्या बेचक्यात कंद लागतात, ते मातीत पडले की नवी वेल येते. हे मूल डोळ्यांनी पाहते. असा पाठ येथील शिक्षकाने छायाचित्रांसह लिहिला, तर बिदरच्या शिक्षकाला तो कोठून मिळणार? आणि त्या पाठावर ज्या आजोबांनी माहिती दिली त्यांचे नावही, त्यांची संमती असेल तर, यायला हवे.

पालकांची शंका आम्हाला ठाऊक आहे. मुलांच्या हातातील मोबाइल काढून घ्या म्हणता, आणि गुरुजी मात्र मोबाइलवर? शंका रास्त आहे. म्हणूनच हे काम संगणक कक्षात, ठरलेल्या तासाला व्हावे असे आम्ही म्हणतो. सुप्रभाताची फुले, सणांच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेल्या बातम्या यांनी शिक्षकांचे किती गट मारले याची गणती नाही. जो गट दिवसाला दोनशे संदेश पाठवतो, त्यात खरा प्रश्न विचारायची कोणाला हिंमत होत नाही, आणि विचारला तरी तो वाहून जातो. आणखी एक पथ्य कडक पाळले पाहिजे. मुलांची नावे, गुण, चेहरे तेथे जाता कामा नयेत. "माझ्या वर्गातील एक मुलगी" एवढे लिहिले की चर्चेला पुरते.

विश्वस्त मंडळी विचारतील, याचा निकालावर परिणाम काय? एका वर्षात टक्केवारीत दाखवता येईल असे आश्वासन आम्ही देणार नाही. दाखवता येईल ती वही. कोणत्या शिक्षकाने काय विचारले, कोणते उत्तर आले, वर्गात करून पाहिल्यावर काय झाले, हे तीन रकाने. जे फसले तेही त्यात लिहायचे, किंबहुना तेच आधी.

मागणी मोठी नाही. प्रत्येक विषय-शिक्षकाला शनिवारी एक तास मोकळा, संगणक कक्षाची किल्ली त्या तासाला त्यांच्याकडे, आणि जोडणीचे मासिक बिल शाळेच्या खर्चात. पहिले काम आम्ही ठरवून ठेवले आहे: आठवी ते दहावीच्या गणित-विज्ञानातील पारिभाषिक शब्दांची मराठी, कानडी, हिंदी आणि इंग्रजी अशी चार रकान्यांची यादी. दहावीच्या ज्या मुलांना दोन-तीन भाषा नीट येतात त्यांनी यात हात लावावा. नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. यादी तयार झाली की प्रथम खानापूर आणि हल्याळच्या शाळांना पाठवू, आणि चुका काढून परत करा असे कळवू.