संगणकातली भट्टी आणि वस्तीतला धूर

कचरा जाळणारी फिरती भट्टी, म्हणजे रोटरी किल्न, हल्ली आधी संगणकात फिरवून पाहतात. उतार, फेरे, तापमान घातले की धुराचा हिशोब निघतो. पण त्यात क्लोरीनचे प्लास्टिक शिरले, तर हिशोब कोलमडतो. रुग्णालयीन कचऱ्यात ते जाळायला २०१६ च्या नियमांनी बंदी आहे. ते निवडून काढणारे हात बहुतेक आपल्याच माणसांचे. त्यांच्यासाठी मॉडेलमध्ये रकाना नाही.

मुंबईत गोवंडीकर अशा प्रकल्पाविरुद्ध लढले. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो हलवायला सांगितले; नाव निघाले रायगडातल्या खालापूरचे. उद्या सिंधुदुर्गात भट्टी आली, तर रंगीत आलेखांपुढे माना डोलावू नका. विचारा: आकडे कोणी भरले? जागा कोणी निवडली?

जय भीम!